पुणे ते नळदुर्ग व्हाया भिगवण: डुलणारी कॅम्पर व्हॅन आणि एसटीवाले मामा

जानेवारीत सोलापूर रोडला जायला कारण शोधावं लागत नाही. भिगवणला पक्षी आलेले असतात, मोहोळ-सोलापूर पट्ट्यात हुरडा चालू असतो आणि दुपारचं ऊनही सोसतं. आमच्याकडे मात्र अजून एक कारण होतं, आमची सेकंड हँड कॅम्पर व्हॅन. सतरा सीटरच्या चॅसिसवर आधीच्या मालकाने हौसेने बनवून घेतलेली, आत बेड, ओटा, सिंक, पिटुकलं टॉयलेट, सगळं झकास, पण साठच्या वर गेली की सरळ जायचं नाव नाही. स्टिअरिंग सारखं इकडे थोडं तिकडे थोडं करत बसायचं, तासाभरात खांदे भरून येतात. पुण्यात अलाइनमेंट करून झालं होतं, कागद हिरवागार, म्हणजे सगळं ठीक, आला आणि गाडी होती तशीच. मग एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) गेलाय असं सांगून २८ हजाराचा आकडा दिला, तेव्हा मी मामांना फोन लावला.

मामा म्हणजे आईचे भाऊ, एसटीत ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "बॉक्सला कुणाला हात लावू देऊ नको. बॉक्स शेवटी असतो. मी येतो, लांब कुठंतरी चल, चालवता चालवता सापडतंय." तर अशी ही ट्रिप ठरली, मी, ही, आमची आठवीतली लेक आणि पुढच्या सीटवर मामा.

शुक्रवार: पुणे ते भिगवण

हडपसरचं ट्रॅफिक सगळ्यांना माहितीये, त्यावर काही लिहीत नाही. उरुळी कांचन मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, सत्तर पकडला आणि खेळ सुरू. मामांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि विचारलं, "ओढती का डुलती?"

मला वाटलं एकच. तर नाही. ओढणारी गाडी कायम एकाच बाजूला जाते, तिथे ब्रेक चिकटतोय का, एका टायरमध्ये हवा कमी आहे का, अलाइनमेंट बिघडलंय का हे बघायचं. डुलणारी गाडी आधी डावीकडे जाते, तुम्ही सावरलं की जरा जास्तच उजवीकडे जाते, परत सावरा. आमची डुलणारी. मामांनी लेकीला कामाला लावलं, किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत बाबा किती वेळा स्टिअरिंग दुरुस्त करतो ते मोज आणि वहीत लिही. यवत ते चौफुला या सपाट पट्ट्यात किलोमीटरमागे वीस-बावीस आले. मामा म्हणाले हा आपला पट्टा, परत येताना इथंच मोजायचं, नाहीतर "आता जरा बरी वाटतीये" असं प्रत्येक गॅरेजमधून निघाल्यावर वाटतंच.

उसाचा सीझन असल्याने रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर साऊंड फुल्ल आणि मागे लाइटच्या नावाने बोंब. त्यांना ओव्हरटेक करताना आणि समोरून कंटेनर आला की आमच्या गाडीची परीक्षाच. मोठी गाडी शेजारून गेली की तिच्या तोंडापुढची हवा आधी आपल्याला बाहेर ढकलते आणि लगेच मागून आत खेचते, उंच व्हॅनला हे जास्तच जाणवतं. त्यात दोष नाही, पण चांगली गाडी त्यानंतर आपोआप सरळ होते, आमची होत नव्हती.

चौफुल्याला चहा. इथल्या कला केंद्रांचे बोर्ड बघून मामांना त्यांच्या नाइट ड्युटीच्या आठवणी आल्या, त्यातल्या अर्ध्या त्यांनी लेक समोर होती म्हणून गिळल्या. पाटस, कुरकुंभ करत संध्याकाळी भिगवणजवळच्या कुंभारगावला पोचलो. इथे घरगुती राहायची सोय बऱ्याच जणांनी केलीये, आम्हाला खोली नको होती, फक्त अंगणात गाडी लावायची जागा आणि जेवण हवं होतं. घरातल्या काकूंनी गाडीत शिरून ओटा, सिंक सगळं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "समदं हाय की, मग जेवायला आमच्याकडं कशाला?" जेवण म्हणजे चिलापी फ्राय, मरळीचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा इतका झणझणीत की हिने दोन वेळा पाणी मागितलं आणि तरी परत वाढून घेतला. मरळ महाग असते, आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

शनिवार: भिगवण, इंदापूर, मोहोळ

पहाटे गाडी थंड असताना मामांनी हवा तपासली. हे थंड असतानाच करायचं, चालून टायर तापले की आकडा वाढलेला दिसतो आणि तो बघून हवा काढली तर सकाळी टायर मऊ. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आमच्या गाडीसाठी पुढे ४५ आणि मागे ६० पीएसआय होतं. प्रत्यक्षात पुढे दोन्हीकडे ६०, मागे उजवीकडे ५७ आणि मागे डावीकडे ४४! पुढचं टायर टणक, मागचं एक मऊ. मागचं टायर मऊ असलं की त्याची बाजू दबते आणि गाडीची शेपूट बाजूला सरकते, आणि आपल्याला वाटतं स्टिअरिंग गेलं. मामांनी टायरवरचा चार आकडी कोडही दाखवला, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या टायरची नक्षी मस्त आहे पण बाजूला बारीक चिरा पडायला लागल्यात, यंदा बदलणार.

बोट मात्र सोडली नाही. सूर्य वर यायच्या आत निघा, नंतर पक्षी लांब जातात आणि फोटोत नुसता पांढरा उजेड येतो. उजनीचं बॅकवॉटर म्हणजे भीमेचं पाणी, त्यावर धुकं, आणि उथळ भागात रोहित, माना खाली घालून चिखल चाळत. नावाड्याने इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने बोट ढकलत नेली, त्यामुळे उडाले नाहीत. पट्टकादंब हंस दिसले, हे हिमालय ओलांडून येतात, चित्रबलाक दिसले, आणि एका बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर मासा पकडून बसलेला कैकर. नावाडी सांगत होता उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं, तेव्हा परत या. त्याच्या आजोबांचं गाव त्याच पाण्याखाली गेलंय. हे तो इतक्या सहज बोलला की पुढे काय विचारावं सुचलं नाही.

हवा स्टिकरप्रमाणे करून निघालो. फरक पडला, वहीत सोळा-सतरा. मामा म्हणाले, "फुकटात पाच कमी झाले. आता वजन."

इंदापूरच्या अलीकडे हायवेला एक खाजगी वजनकाटा आहे. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, शेतकरी कारखान्यावर जायच्या आधी इथे वजन करून पावती खिशात ठेवतात, काटा मारला जातो की काय ही शंका प्रत्येकाच्या मनात असतेच. त्या रांगेत आमची पडदे लावलेली गाडी बघून सगळ्यांची करमणूक. एक आजोबा म्हणाले, "ह्याच्यात काय ऊस भरलाय का?"

काट्यावर नुसतं एकूण वजन करून उपयोग नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. माणसं नेहमीच्या जागी बसलेली पाहिजेत आणि टाक्या नेहमीसारख्या भरलेल्या. आमचं आलं पुढे १,२४० किलो, मागे २,३१०, एकूण ३,५५०. एकूण वजन मर्यादेत, पण पुढे जेमतेम ३५ टक्के. मामांनी लगेच गाडीच्या मागे जाऊन टाकीवर थाप मारली. दीडशे लिटरची पाण्याची टाकी आधीच्या मालकाने पार शेवटी बसवलेली, मागची चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्याही मागे.

इथे मला शाळेतली तरफ आठवली आणि मी फोनवर हिशोब केला. आमचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.३५ मीटर, टाकीचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे साधारण १.१ मीटर. १५० गुणिले १.१ भागिले ३.३५, म्हणजे जवळपास ५०. म्हणजे मागे टाकलेलं दीडशे किलो पाणी पुढून ५० किलो उचलतं आणि मागच्या अ‍ॅक्सलवर दीडशे नाही तर दोनशेचा भार देतं. मामांचा विश्वास बसेना. म्हणून काटेवाल्याला विचारून टाकी तिथल्याच नारळाच्या झाडांना मोकळी केली आणि परत वजन, पुढे १,२९०, मागे २,११०. मामा काटेवाल्याकडे बघून म्हणाले, "काटा बरोबर आहे तुझा." दुसऱ्या वजनाचे पैसे त्याने घेतले नाहीत, म्हणाला झाडांना पाणी मिळालं, फिटलं.

टीप देऊन ठेवतो, नवीन कॅम्पर बनवून घेत असाल तर पाण्याची टाकी, बॅटऱ्या, सिलिंडर हे जड सामान दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आणि खाली ठेवायला सांगा. मागे जागा सोयीची वाटते म्हणून तिथे टाकतात, आणि ज्या चाकांनी गाडी वळवायची तीच हलकी होतात.

रात्री मोहोळच्या पुढे एका शेतावर. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम गरम गूळभेंडीचा हुरडा, शेंगाची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. शेतकरी दादा कणसं चोळून देत होते आणि आम्ही खात होतो, त्यांचा हात थांबला तरच आपलं पोट भरलं असं समजायचं. थंडी चांगलीच होती, गाडीत झोपणार असाल तर जाड रग घ्या, पत्रा रात्री दोन नंतर गार पडतो.

रविवार: सोलापूर

रिकाम्या टाकीने डुलणं अजून कमी व्हायला पाहिजे होतं. वहीत चौदा-पंधरा. म्हणजे थोडंच. आणि एक नवीन गोष्ट जाणवत होती, वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मध्ये येत नाही, हाताने आणावं लागतं. मामा गप्प बसले, ते गप्प बसले की विचार चालू असतो.

सोलापुरात हायवेला ट्रकचं काम करणारं एक गॅरेज रविवार असूनही उघडं होतं. मिस्त्री म्हणाले "बघू की ओ मामा, घाई काय हाय," आणि आधी सगळ्यांना चहा. मग जी तपासणी झाली ती डुलणारी गाडी असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी करावी. गाडी जमिनीवर, चाकांवर भार, पॉवर स्टिअरिंग म्हणून इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडं. मी सीटवर बसून स्टिअरिंग नुसतं चार बोटं डावीकडे चार बोटं उजवीकडे हलवत राहायचं आणि मिस्त्री खाली झोपून एकेका जॉइंटवर हात ठेवत जाणार. बॉक्समधून निघणारा आर्म, त्याला चाकाशी जोडणारी ड्रॅग लिंक, दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा मागाहून हलतो, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा. ड्रॅग लिंकचा पुढचा बॉल जॉइंट सापडला, रबर फाटलेलं, आत माती. बॉक्सचा शाफ्ट आणि आर्म मात्र एकदम बरोबर हलत होते. २८ हजार वाचले ते तिथे.

मग पुढून जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं, उजवीकडे थोडं हललं. बेअरिंग की किंग पिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती? मिस्त्रींनी मला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंग पिन. आमचं थांबलं, बेअरिंग जरासं आवळून काम झालं. किंग पिनचा त्रास उलटाच निघाला, कोरडी पडून जाम झाली होती. ग्रीस आधी मारलेलं असणार, पण गाडी जमिनीवर असताना. अ‍ॅक्सल उचलून भार काढल्याशिवाय ग्रीस जिथे पाहिजे तिथे जातच नाही, निप्पलजवळून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झालं. वर उचलून, चाक दोन्हीकडे वळवत, काळं ग्रीस जाऊन नवीन बाहेर येईपर्यंत पंप मारला.

मिस्त्रींचा पोरगा म्हणाला बॉक्सचा स्क्रूही अर्धा फिरवून देतो, स्टिअरिंग टाइट लागेल. मामा आणि मिस्त्री दोघांनी एकदम त्याला दटावलं. बाहेरचा प्ले बॉक्स आवळून लपवला की बॉक्स मध्यावरच जाम व्हायला लागतो, मग स्टिअरिंग मध्यातून सुटतच नाही, आपण जोर लावतो, सुटलं की गाडी गरजेपेक्षा जास्त वळते, म्हणजे डुलणं वाढलंच. स्टिअरिंगचे झटके शोषणारा डँपर बसवायचा सल्लाही बरेच जण देतात, तो चांगला असतो पण सगळं ठीक असलेल्या गाडीला, प्ले झाकायला नाही.

जॉइंट मिळेपर्यंत दोन तास गेले, तेवढ्यात आम्ही सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारली. संक्रांतीची गड्डा यात्रा चालू होती, पाळणे, भांड्यांची दुकानं, प्रचंड गर्दी. हिने कडक भाकरीची थप्पी आणि शेंगाचटणी घेतली, दोन्ही महिनाभर टिकतात, कॅम्परवाल्यांनी ओटा न वापरता जगायचं असेल तर याहून भारी काही नाही.

सोमवार: नळदुर्ग

सोलापूर ते नळदुर्ग हैदराबाद रोडने साधारण ४५ किलोमीटर. उघडा माळ, आडवा वारा. प्ले गेल्यामुळे स्टिअरिंग हलवलं की गाडी लगेच ऐकत होती, आधी मध्ये जो मेलेला भाग होता तो संपला. वहीत दहा-अकरा. पण वाऱ्याचा झोत आला की गाडी जिकडे जाईल तिकडेच राहायची, परत सरळ व्हायला मदत करत नव्हती.

किल्ला अफाट आहे. बोरी नदी किल्ल्यातूनच वळवून तिच्यावर धरण बांधलंय आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल, पाणी महाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. पावसाळ्यात दोन बाजूंनी नर-मादी धबधबे पडतात आणि आत बसून पाण्याचा पडदा बघता येतो, जानेवारीत पाणी पडत नाही पण गर्दी नसते, आणि आतली थंड हवा आणि खिडकीतून दिसणारं नदीचं पात्र निवांत बघता येतं. भर दुपारी जाऊ नका, किल्ल्यात चालणं बरंच आहे आणि सावली कमी.

खरी गंमत पार्किंगमध्ये झाली. शाळेची सहल आली होती, त्यांची सतरा सीटर म्हणजे आमचीच गाडी, कंपनीतून आली तशी. मामा खालून-वरून बघत दोन्ही गाड्यांभोवती फिरले आणि म्हणाले, "आपली मागून चढलीये." त्या ड्रायव्हरला मामा एसटीचे म्हटल्यावर त्याने स्वतःच टेप धरला. चॅसिसची उंची पुढे दोन्हींची सारखी, मागे आमची ६ सेंमी जास्त. खाली वाकून बघितलं तर मागच्या पाट्यांमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये, दोन्ही बाजूला एकेक पाटा जादा घातलेला, नवा दिसणारा. सगळा उलगडा झाला. टाकीमुळे शेपूट बसत होती म्हणून कुणीतरी पाटा वाढवला, त्याने शेपूट वर गेली, आणि शेपूट वर गेली की पूर्ण गाडी पुढे झुकते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी होतो.

कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या फोर्कचा मागे असलेला कल समजा, हात सोडला तरी सायकल सरळ जाते त्यात या कलाचाही वाटा असतो. ६ सेंमी भागिले ३.३५ मीटर, साधारण एक अंश होतो. ऐकायला काहीच नाही, पण मुळात दोन-तीन अंश असतात त्यातला एक गेला तर बरंच गेलं. आणि आम्ही शनिवारी टाकी रिकामी केली तेव्हा पुढचं वजन वाढलं खरं, पण मागचा भार कमी होऊन शेपूट अजून वर गेली. एक सुधारलं, दुसरं बिघडलं, म्हणून वहीतला आकडा थोडाच हलला. मी रात्री गाडीत अलाइनमेंटचा जुना कागद शोधून काढला. हिरवा होता फक्त टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते. कॅस्टरचा कॉलम कोरा. मोजलाच नव्हता, कुणी मागितलाच नव्हता. तुम्ही अलाइनमेंटला जाल तेव्हा कॅस्टर दोन्ही बाजूंचा मोजून कागदावर द्या असं आधीच सांगा, आणि तेही सगळा प्ले काढल्यावर. ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकतं.

मंगळवार: परत

सरळ पुणे. टेंभुर्णीला जेवलो, शेंगदाण्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी, मध्ये उसाच्या रसाला थांबलो. मामांनी चालवली आणि त्यांच्या हातात गाडी निम्मीच डुलत होती. लेकीने वहीत लिहिलं तर म्हणाले ते मोजू नको, ड्रायव्हर बदलला की वही बाद. त्यांचं गुपित एवढंच की स्टिअरिंग गच्च धरत नाहीत आणि नजर बॉनेटपुढे न ठेवता लांब ठेवतात, छोटं डुलणं ते सावरतच नाहीत, आपोआप जाऊ देतात.

बुधवार ते शुक्रवार: पुणे, मंतरवाडी आणि नाना पेठ

ही ट्रिपच धरा, कारण मामा रोज सकाळी डबा घेऊन गॅरेजला हजर. मंतरवाडीकडे ट्रकचे पाटे करणारा एक कारागीर मिळाला, वयस्कर, बोलायला कमी. जादा पाटा काढायला सांगितल्यावर म्हणाला, "टाकी तिथंच ठेवणार असाल तर काढत नाही, आठ दिवसांत परत बसेल." त्यामुळे आधी टाकी. शेजारच्या फॅब्रिकेटरने ती काढून बेडखाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आणली, नवीन फ्रेम चॅसिसला बोल्टने, वेल्डिंग नाही. टॉयलेटच्या पाइपचा मार्ग बदलण्यात एक पूर्ण दिवस गेला, त्याचं वर्णन कुणालाच नको असेल.

सामान आणायला मी आणि मामा नाना पेठेत. गाडीचा कुठलाही पार्ट पुण्यात कुठे मिळेल तर इथे, पण दुकानदाराला चॅसिस नंबर आणि जुना नमुना दोन्ही दाखवा, नुसतं मॉडेल सांगून आणलेला यू बोल्ट, म्हणजे पाटे अ‍ॅक्सलला आवळणारा बोल्ट, आमच्यासमोरच एका गिऱ्हाइकाचा चुकीचा निघाला. यू बोल्ट आणि पाट्यांच्या मधून जाणारे सेंटर बोल्ट नवे घेतले, उघडले की जुने परत लावायचे नाहीत. परतताना मिसळ, मामांनी तर्री तीनदा मागून घेतली आणि वर म्हणाले पुण्याची मिसळ गोड.

पाटे काढताना कारागिराने दोन्ही बाजूंनी पुढच्या अ‍ॅक्सलपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत अंतर मोजलं. हे दोन्हीकडे सारखं यायला हवं, सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल एका बाजूने सरकला असेल तर पुढे काहीही केलं तरी गाडी तिरकीच चालते. आमचं सारखं आलं. पाट्याचं टोक चॅसिसला टांगणाऱ्या शॅकलचे बुश थकले होते ते बदलले. मागची उंची ५ सेंमी खाली आली. मग कॅस्टर मोजायची सोय असलेल्या सेंटरला नेली, आता दोन्हीकडे २ च्या आसपास. तिथला मुलगा वेज टाकून अजून वाढवू म्हणत होता. पुढच्या पाट्यांखाली तिरक्या पट्ट्या टाकून कॅस्टर वाढवतात, उपाय खरा आहे, पण उलटी बसली तर कमी होतो आणि गरजेपेक्षा जास्त झाला तर स्टिअरिंग जड. मामा म्हणाले आधी चालवू.

मंतरवाडीच्या काट्यावर, डिझेल तेवढंच, माणसं तीच, टाकी फुल्ल. पुढे १,३४०, मागे २,१९०. काढलेल्या दोन पाट्यांमुळे एकूण वीस किलो कमी, बाकी सामान तेच.

रविवार: यवत ते चौफुला

दुपारची वेळ, वारा होता, उसाच्या ट्रॉल्या होत्या, गाडी मीच चालवली. वहीत सहा-सात. कंटेनर शेजारून गेला, गाडी हलली, आणि मी काही करायच्या आत परत सरळ. वळणानंतर स्टिअरिंग हातातून सरकत मध्ये येतं. मामांनी वेजचा विषय तिथेच बंद केला.

खर्च विचारणार असाल म्हणून, हवा फुकट, दोन्ही काट्यांचे मिळून काहीशे, सोलापूरचा जॉइंट, ग्रीस, मजुरी मिळून अडीच हजाराच्या आत, पुण्यात पाटे, बुश, यू बोल्ट, अलाइनमेंट नऊ हजार, आणि टाकी हलवायला अकरा. सगळ्यात महाग टाकी, आणि ती सुरुवातीलाच नीट जागी असती तर पाट्याचंही काम निघालं नसतं. दोनशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट परत आवळून घेतले, दोन्हीकडे थोडे थोडे फिरले, म्हणजे हे विसरू नका. जोराच्या आडव्या वाऱ्यात गाडी अजूनही सरकते, एवढ्या उंच बाजूला वारा लागणारच, तेव्हा साठवर येतो. मामा आता म्हणतायत ब्रेकही एकदा बघून घेऊ आणि कोकणात उतरू, तारीख त्यांनीच ठरवून हिला कळवलीये.